दुसऱ्यांच्या मतांची यादी

माझ्या अर्बाबांनी मला दगा दिला, असं मी आजही म्हणतो. बायको म्हणते, किती वर्षं तेच तेच. मग मी तिला विचारतो, ती गल्ली उभी करण्यात माझा हात नव्हता का? निम्म्या दुकानांचं वायरिंग माझ्या हातचं नव्हतं का? तोवर ती चहा ठेवायला आत गेलेली असते.

अर्बाब म्हणजे मालक. पण ओमानातल्या आम्हा परदेशी दुकानदारांच्या तोंडी त्याचा अर्थ वेगळा. ज्याच्या नावावर दुकानाचा परवाना, तो स्थानिक माणूस म्हणजे अर्बाब. दुकान माझं, माल माझा, घाम माझा आणि परवान्यावर नाव त्यांचं. तेव्हाचा कायदाच तसा होता. खेड तालुक्यातून बाविसाव्या वर्षी वायरमन म्हणून आलो, कंत्राटदाराकडे सहा वर्षं शिडीवर काढली, आणि मग या अर्बाबांच्या सहीवर स्वतःचं दुकान टाकलं. निझवा शहरापासून अर्ध्या तासावरच्या गावात, जुन्या बाजाराच्या गल्लीत. पाण्याचे पंप, मोटारी, पंखे, केबल.

पंपाचा धंदा दारात गाडी लागते म्हणून चालतो. खजुराची बाग असलेला माणूस पिकअप घेऊन येतो, ती माझ्या पायरीला लावतो, आत येऊन पंखा पाहिल्यासारखं करतो आणि मग पंपाकडे वळतो. आम्ही तासभर घासाघीस करतो. तो दोनदा उठून जातो, मी दोनदा जाऊ देतो. शेवटी दोघांनाही आपण जिंकलो असं वाटतं, आणि पंप दोघं मिळून उचलून गाडीत ठेवतो. पिकअप दारात आली नाही तर तो माणूस दुसरीकडे जाणार. ऐंशी किलोचं लोखंड खांद्यावर घेऊन कोणी बाजार फिरत नाही.

तर २०१२ साली गल्लीत पिवळ्या रंगाच्या खुणा पडल्या. दोन माणसं फीत धरून मोजत होती. मी विचारलं तेव्हा कळलं, गल्लीत दगडी फरशी बसणार, दोन्ही तोंडांना खांब रोवणार. लोकांनी चालत यायचं, पर्यटकांनी फोटो काढायचे. गाड्या बंद.

मी पालिकेत गेलो. खिडकीवरचा तरुण सभ्य होता. म्हणाला, "आराखडा पक्का नाही. पण आता निवडणूक होते आहे, पालिका परिषदेची, पहिल्यांदाच. गावातून माणसं निवडून जातील. तुमचं म्हणणं तुमच्या सदस्याला सांगा."

"माझा सदस्य कोण?"

"ज्याला तुम्ही मत..." तो मधेच थांबला. मग हसला. वाईट हसला नाही. पण हसलाच.

त्या संध्याकाळी जेवताना मी हे घरात सांगितलं. मुलगी तेव्हा नववीत होती, इंडियन शाळेत. तिचं मराठी अडखळत चालतं. ती म्हणाली, "पण बाबा, मग तुमचं वोट कुठे आहे?"

"गावाला."

"तिथे तुम्ही लास्ट कधी... टाकलेलं?"

मी भाकरी मोडत राहिलो. लास्ट म्हणजे इकडे येण्याआधी एकदा. नंतर एका सुट्टीत गावी गेलो तेव्हा यादीत नाव नव्हतं. इथे राहत नाहीत म्हणून कमी केलं, असं शाळेतल्या गुरुजींनी सांगितलं. आता परदेशातल्यांनाही नाव घालता येतं, पण मत टाकायला तिथेच जाऊन उभं राहायचं. दुकान बंद, वर विमानाचं तिकीट. कोण जाणार?

माझ्या वडलांनी एकही मतदान चुकवलं नाही. इस्त्रीचा सदरा घालून जायचे, ग्रामपंचायतीचं असलं तरी. खोतांच्या ओटीवर ते कधी बसले नाहीत, बसायला कोणी सांगितलंही नाही. पण मतदानाच्या रांगेत एकदा खोत त्यांच्यामागे उभे होते. ती हकीकत मी शंभर वेळा ऐकली असेल. "मी मागं वळून बघितलं नाय," ते सांगायचे. "बघायची गरजच काय? माझा नंबर पुढं होता." आणि दर वेळी शेवटी एकच शिकवण: कुणाकडे काही मागायचं नाही. हक्काचं असेल ते घ्यायचं, नसेल ते कमवायचं. ते गेल्यावरही एप्रिलमधल्या जयंतीला, मस्कतच्या हॉलमध्ये भाषण करायची माझी पाळी आली की मी हेच सांगायचो आणि टाळ्या घ्यायचो.

तर मला मत नव्हतं. ठीक. कमवायचं.

रात्रभर विचार करावा असं त्यात काही नव्हतं, मला दुकानातच सुचलं. आमच्या गल्लीत एकोणीस दुकानं. सगळी परदेशी माणसांची: मलबारी कॅफेटेरिया, बंगाली शिंपी, पाकिस्तानी न्हावी, शेजारी आमचा रत्नागिरीचा अत्तरवाला. एकालाही मत नाही. पण एकोणीस जणांना एकोणीस अर्बाब होते, आणि प्रत्येक अर्बाबाला घर होतं, बायका, मुलं, सुना, मेहुणे. ही सगळी मतं रोज आमच्याच दुकानांत येऊन चहा पीत होती. त्यांना कोणी एका ठिकाणी आणत नव्हतं, एवढंच.

मी आणायचं ठरवलं. केबलच्या जुन्या कॅटलॉगच्या मागच्या कोऱ्या पानांवर यादी केली. दुकान, अर्बाब, घरातली मतं आणि शेवटी शेरा. धंद्यात मी गिऱ्हाइकांची अशीच टिपणं ठेवतो, नाहीतर कोण कशाला ऐकतो ते लक्षात राहत नाही. शिंप्याच्या अर्बाबापुढे लिहिलं, "कंजूष, पण सासऱ्याला घाबरतो. सासऱ्याला पकडणे." न्हाव्याच्या अर्बाबापुढे, "बायको सांगेल तसं." एकापुढे, "धाकटा मुलगा शहाणा आहे, बापाचं ऐकणार नाही." आणि सगळ्यात वर माझे अर्बाब. अकरा मतं. शेरा: "विचारायची गरज नाही."

यादी मराठीत लिहिली. त्या गावात ती तिजोरीत ठेवल्यासारखीच होती.

दहा-बारा दिवस दुपारी बाजार बंद असायचा त्या वेळात मी दुकानादुकानांत फिरलो. कोणाला काय द्यायचं ते मला कळतं. शिंप्याला म्हटलं, गाड्या बंद झाल्या तर तुझे कापडाचे गठ्ठे डोक्यावरून आणशील का. मलबाऱ्याला म्हटलं, गॅसचं सिलिंडर कसं आणणार. प्रत्येकाने आपापल्या अर्बाबाच्या कानावर घालायचं कबूल केलं. अत्तरवाल्याकडे गेलो नाही. तो माझा माणूस. खेडपासून त्याचं गाव खाडीपलीकडे, सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकलेला. सकाळी शटर उघडताना त्याची हाक यायची, "काय गाववाले, झाली का लाईट?" आणि माझी जायची, "तुझा धूर आला म्हणजे सकाळ झाली." त्याच्या अर्बाबाची सहा मतं मी लिहून टाकली होती.

उमेदवार निवडला तो तरुण इंजिनिअर होता. आठवडाभर मस्कतला कुरुममधल्या कचेरीत, सुट्टीला गावी. घर बांधताना केबल माझ्याकडून घेतली होती, म्हणून ओळख. ओमानात सभा नसतात, मिरवणुका नसतात. उमेदवार बैठकीच्या खोलीत येऊन बसतो, खजूर आणि कॉफी होते, लोक बोलतात. तो माझ्या अर्बाबांच्या बैठकीत येणार होता त्या दुपारी मीही गेलो.

मला त्या घरात कोणी अडवत नसे. अर्बाब स्वतः कॉफी ओतत होते. त्यांच्याकडे पाहुण्याची कॉफी नोकराच्या हातून जात नाही. लहान, बिनकानाच्या कपात दोन घोट. मी घेतली, पुन्हा घेतली, तिसऱ्यांदा घेतली आणि आता पुरे म्हणून कप हलवला. मग इंजिनिअरला म्हटलं, "गल्लीत खांब बसू देत. पण सकाळी दोन तास पिकअप आत यायला हवी. एवढं मांडणार का?"

"इन्शाल्ला," तो म्हणाला.

"इन्शाल्ला नंतर. आधी हो की नाही ते सांग."

लोक हसले. तोही हसला. "तू गिऱ्हाइकाशी असंच बोलतोस का?"

"गिऱ्हाइकाशी याहून वाईट बोलतो. तरी ती येतात." मी कॅटलॉग काढून पानं फडकवली. "यात दीडशेच्या वर मतं आहेत. तुला अक्षर लागणार नाही, पण मला लागतं."

तो पानांकडे बघत राहिला. सगळे बघत राहिले. मग म्हणाला, "दोन तासांचं मांडतो. वचन."

अर्बाब काही बोलले नाहीत. किटली घेऊन पुढच्या माणसाकडे गेले. वीस वर्षांत आमचे सगळे व्यवहार असेच झाले होते. मी बोलायचं, ते कॉफी ओतायचे, आणि त्यांची हरकत नसली की ते गप्प असायचे. परवान्याची मुदत, गोदामाची जागा, माझ्या भावाचा व्हिसा. गप्प म्हणजे हो. मी खुशीत घरी आलो.

मतदानाला चार दिवस असताना इंजिनिअरचा फोन आला. आवाज वेगळा होता.

"तुझी ती यादी कुठे आहे?"

"दुकानात. का?"

"दुकानात नाही. लोकांच्या फोनवर आहे. फोटो आहेत, आणि खाली अरबीत लिहिलंय, प्रत्येक नावापुढे तू काय लिहिलंस ते. कोण कंजूष, कोण बायकोचं ऐकतो. आणि माझ्या नावाने फिरतंय ते. लोक म्हणतात, हा हिंदी दुकानदाराच्या वहीतला उमेदवार आहे. खलास, भाई. आता माझ्यासाठी काही करू नकोस. काहीही."

कॅटलॉग गल्ल्याखालच्या फळीवर होता, जागच्या जागी. मी तो हातात घेऊन उभा राहिलो. मराठीत लिहिलं होतं मी. गल्लीत मराठी वाचणारी माणसं दोन होती. एक मी.

अत्तरवाला धुपाटणं पेटवत होता. मला बघून म्हणाला, "काय गाववाले?"

"तू वाचलीस."

त्याने नाही म्हटलं नाही. मला वाटलं होतं तो निदान खोटं बोलेल, त्या खोटेपणावरून मला त्याची कॉलर धरता येईल. तो म्हणाला, "तू जेवायला गेलेलास. टेस्टर मागायला आलो तर समोरच पडलेली."

"आणि फोटो काढून वाटलेस?"

"वाटले नाहीत. एका माणसाला दाखवले. दुसऱ्या उमेदवाराच्या भावाला. पुढचं त्यानं केलं."

"का?"

"का म्हणजे? गाड्या बंद झाल्या तर तुझा पंप मरतो. माझं अत्तर जगतं. निझव्याहून गोऱ्यांच्या बसा येतात, गल्लीत धूळ न् भोंगे, दारातनंच परत जातात. मला ती फरशी पाहिजे. खांबसुद्धा पाहिजेत."

"मग सांगायचं होतंस मला!"

"तू विचारलंस?" आता तोही चढला. "बंगाल्याकडे गेलास, मलबाऱ्याकडे दोनदा गेलास, त्या न्हाव्याकडे दाढी करून घेतलीस. माझ्याकडे आलास? माझ्या अर्बाबाची सहा मतं लिहून मोकळा झालास. पुढे शेरा काय, तर 'आपलाच'. कोण आपलाच? कुणाच्या बापाचा?"

मी त्याचं धुपाटणं लाथेने उडवलं. निखारे पायरीवर सांडले, त्याच्या हातावर एक फोड आला. लोक जमले. मलबाऱ्याने मला मागून धरलं. हे मी लिहितो आहे कारण ते घडलं, मिरवायला नाही. पण एक सांगतो. त्याने समोर येऊन भांडून माझे पाय खेचले असते तर मी त्याला धंदेवाला म्हटलं असतं. त्याने आमची भाषा परक्याला उलगडून दिली. वीस वर्षं त्या गल्लीत आम्ही दोघंच जी बोलत होतो, ती. फोड बरा झाला असेल. आमचं बोलणं त्या दिवशी बंद झालं ते झालंच.

पण तो शेजारी होता. माझी भिस्त अर्बाबांवर होती. मला वाटलं, अर्बाब बोलले तर अजून सावरेल. गावात त्यांच्या शब्दाला मान आहे. ते दर मंगळवारी दुकानात येऊन गल्ल्याजवळच्या खुर्चीवर बसत. त्या मंगळवारी आले नाहीत. मी फोन केला, उचलला नाही. मी मनात म्हटलं, रागावले असतील, पण मतदानाच्या दिवशी येतील. अकरा मतं आहेत, आणि वीस वर्षं आहेत.

मतदानाच्या दिवशी शाळेबाहेर मोठी रांग होती, बायकांची वेगळी. मी पलीकडच्या पेट्रोल पंपावर गाडी उभी करून सकाळी नऊपासून बसलो. कोणाला काही सांगायला नाही. बघायला. एकोणीसपैकी बरेच अर्बाब येऊन गेले. काहींनी मला पाहिलं आणि मान वळवली. शिंप्याच्या अर्बाबाचा सासरा काठी टेकत आला, माझ्याकडे बघून थुंकला. ते मी समजू शकतो. मी त्याला "पकडणे" असं लिहिलं होतं.

माझे अर्बाब आले नाहीत. त्यांची पांढरी गाडी आली नाही, मुलं आली नाहीत, सुना आल्या नाहीत. शाळेचं दार बंद झालं तेव्हाही मी तिथेच होतो. अकरा मतांतलं एकही पडलं नाही.

इंजिनिअर हरला. किती मतांनी ते मी लिहीत नाही. अकराहून कमी होती, एवढं सांगतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या बागेत गेलो. ते पाटाच्या कडेला बसून खजुराच्या झावळ्या तासत होते. नमस्कार नाही, चौकशी नाही, मी सरळ विचारलं, "का केलंत असं?"

"काय केलं?"

"काहीच केलं नाहीत. तेच विचारतोय. मत टाकलं असतंत तर तो निवडून आला असता. माझं दुकान वाचलं असतं. वीस वर्षांत मी तुमच्याकडे कधी काही मागितलंय?"

"नाही," ते म्हणाले. "त्या दिवशीही नाही मागितलंस."

"तुमच्या समोर तर बोललो सगळं!"

"त्याच्याशी बोललास. माझ्या घरात बसून." त्यांनी विळा खाली ठेवला. "आमच्याकडे ज्याला काही मागायचं असतं, तो आल्या आल्या कॉफी पीत नाही. कप समोर ठेवतो. यजमान विचारतो, काय काम आहे? ते होईल असं सांगितल्यावर मग पितो. तू तीन कप प्यालास आणि कप हलवलास. मी म्हटलं, याचं माझ्याकडे काम नाही."

वीस वर्षं त्यांच्याकडे कॉफी पीत होतो. कोणी सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, "मी हिंदी माणूस. मला काय ठाऊक तुमचे कप."

"तेही खरं. पण कागदावरचं तर तुला ठाऊक होतं. मशिदीबाहेर एका पोराने मला वाचून दाखवलं. माझं नाव, माझ्या बायकोमुलांची गणती, आणि पुढे, विचारायची गरज नाही." ही चार वाक्यं ते अगदी सावकाश बोलले, हिंदीत, म्हणजे मला नीट कळावीत. "या गावात पालिकेसाठी पहिल्यांदा मतदान झालं. माझ्या सुनेने त्यासाठी नाव नोंदवलं होतं, कपडे काढून ठेवले होते. आम्ही कोणी गेलो नाही. तुझ्या माणसाला दिलं असतं तर लोक म्हणाले असते, हिंदीने दिलं. दुसऱ्याला दिलं असतं तर म्हणाले असते, हिंदीला दाखवायला दिलं. माझं म्हणून काही उरलंच नव्हतं."

मला राग आवरेना. मी म्हटलं, "तुमच्याकडे होतं ते तुम्ही वापरलं नाही आणि वर मलाच बोलता? माझ्याकडे तर काहीच नाही! या गावात राहून वीस वर्षं झाली, पोरगी इथे जन्मली, तुमच्या गावातल्या विहिरीविहिरीवर माझा पंप आहे. कोण कुठल्या गल्लीत राहतो ते तुमच्या पालिकेपेक्षा मला जास्त ठाऊक. आणि मला विचारायला कोणी नाही. मी यादी नाही करणार तर काय करणार? परक्या देशात दुकान चालवणं म्हणजे काय ते तुम्हाला काय कळणार!"

"मी झांजिबारला जन्मलो," ते म्हणाले. "माझ्या बापाचं तिथे लवंगांचं दुकान होतं. मला शिकवू नकोस."

"मग तर तुम्हाला कळायलाच हवं होतं."

"कळतं म्हणून तर दर वर्षी सही करतो."

मी निघून आलो. वाटेत गाडी थांबवून एकटाच ओरडलो, मराठीत. त्यांचं म्हणणं मला त्या दिवशीही समजलं होतं, आजही समजतं. पण समजलं म्हणजे पटलं असं नाही. एखाद्याची पाठ आपल्यामागे आहे हे धरून मी वीस वर्षं चाललो, आणि ज्या एका दिवशी तिच्यावर टेकलो त्या दिवशी ती तिथे नव्हती. तिला आधी विचारायचं असतं, हा कुठला हिशोब? माझ्या वडलांनी मला मागायला शिकवलं नाही. शिकवलं असतं तर कदाचित गल्ली वाचली असती. पण मग मी त्यांचा मुलगा राहिलो नसतो.

उन्हाळ्याच्या आधी फरशी बसली. खांब रोवले, काळे, कमरेएवढे, वर पितळी गोळा. चांगलं दिसत होतं, खोटं कशाला बोलू. अत्तरवाल्याच्या दारात गोरे लोक वाकून धूर हुंगायचे. माझ्याकडे जुनी गिऱ्हाइकं गल्लीच्या तोंडाशी गाडी उभी करून चालत यायची, आत येईपर्यंत त्यांचा घासाघिशीचा जोर संपलेला असायचा. मग ती नुसता पंखा घेऊन जायची. पुढे तीही यायची बंद झाली. एक महिना संपूर्ण असा गेला की दुकानातून एकही पंप उचलला गेला नाही.

मस्कतच्या रस्त्यावर एक रिकामा गाळा होता, समोर चार ट्रक उभे राहतील एवढी जागा. मी अर्बाब बदलायचं ठरवलं. तीन घरांत विचारलं. तिन्ही घरं माझ्या यादीत होती. एकाने हसून विचारलं, "माझ्यापुढे काय शेरा होता? नीट आठवून सांग." दुसऱ्याने दारच उघडलं नाही. तिसरा कंजूष होता, तो तयार झाला, पण त्याने जे मागितलं ते ऐकून मी उठलो.

म्हणजे जागा बदलायलाही माझ्या अर्बाबांचीच सही. कागद घेऊन मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा सगळी तयारी करून गेलो होतो. ते अट घालतील, मी उलट अट घालीन. ते माफी मागायला लावतील, मी म्हणेन आधी तुम्ही. वाटेत गाडीत मी दोघांचीही वाक्यं म्हणून पाहिली होती. त्यांनी चष्मा लावला, कागद वाचला, विचारलं, "गाळा मोठा आहे?" मी हो म्हटलं. त्यांनी सही केली आणि कागद माझ्याकडे सरकवला. एवढंच. घासाघीस करायला समोर काही ठेवलंच नाही. आयुष्यात इतकं हरल्यासारखं मला कधी वाटलं नव्हतं.

त्यानंतर ते मंगळवारी दुकानात आले नाहीत. सहीसाठी मी वर्षातून एकदा जात राहिलो. ते सही करत राहिले. त्यांच्या सुनेला मुलगा झाला तेव्हा बायको जाऊन आली, मी गेलो नाही.

चार वर्षांनी पालिकेची निवडणूक पुन्हा आली. नव्या दुकानात तोवर माझा जम बसला होता. ट्रक यायचे, पिकअप यायच्या. गल्लीत विकले असते त्याहून जास्त पंप मी रस्त्यावर विकत होतो, हे मी कबूल करतो, पण कोणी तोंडावर म्हणालं तर भांडतो. मतदानाच्या आठवड्यात एक शेतकरी पंप बघत होता. जुनं गिऱ्हाईक, नंतरच्या काळातही टिकलेलं. त्याच्याबरोबर त्याचा मेहुणा होता. दोघांत वाद चालला होता, कोणाला मत द्यायचं. मेहुणा माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "तू सांग. तुला सगळ्यांची घरं माहीत आहेत. कोण कामाचा?"

मला माहीत होतं. उभे होते त्यांतला कोण पाण्याच्या कामासाठी रोज कचेरीत खेटे घालतो आणि कोण फक्त लग्नाला हजर असतो, हे त्या दोघांपेक्षा मला जास्त माहीत होतं. नाव ओठावर आलं होतं.

मी म्हटलं, "मला विचारू नका. मी परका माणूस."

शेतकरी मोठ्याने हसला. त्याला ती थट्टा वाटली. माझ्या खांद्यावर हात मारून म्हणाला, "तू? तू कसला परका!" आणि पंपाकडे बोट दाखवून नेहमीसारखी किंमत पाडायला लागला. तो दोनदा उठून गेला. मी दोनदा जाऊ दिला. तिसऱ्यांदा आला तेव्हाही मी एक रियाल कमी केला नाही.